मी काय ऐकतो, हे पेठेला ठाऊक असतं

सोलापुरात तशीही कुठली गोष्ट गुप्त राहत नाही. गाण्याच्या ॲपने त्यात भर घालायची गरज नव्हती. आपण आत्ता काय ऐकतोय ते मित्रमंडळींना लगेच दिसावं, अशी सोय भाच्याने माझ्या फोनवर मोठ्या मायेने सुरू करून दिली. दुसऱ्या दिवशी नव्या पेठेत एका दुकानातून हाक आली, "काय बे, रात्री दोनला विरहाची गाणी ऐकू लालास? वहिनी माहेरी गेल्या काय?"

वहिनी घरीच होत्या. लाईट गेली होती, डास चावत होते. पण संध्याकाळपर्यंत मावशीचाही फोन आला, "कर्ज-बिर्ज तर झालं नाही ना रे?"

ॲपला गाणं कळतं, वेळ कळते. ऐकणारं कोण, ते कळत नाही. माझ्या फोनवर पहाटे आई काकडआरती लावते, दुपारी धाकटी तेलुगू गाण्यांवर नाचते आणि उन्हाळ्यात झोप लागावी म्हणून रात्रभर पावसाचा आवाज चालतो. डिसेंबरात वर्षाचा हिशेब आला, तर माझा सर्वांत लाडका कलाकार पाऊस! खऱ्या पावसाने सोलापूरला इतके तास कधी दिलेत?

शेवटी सगळं खाजगी करून टाकलं. लगेच नव्या पेठेतून विचारणा झाली, "आता काय लपवू लालास बे?"

लोक मात्र ही नोंद हौसेने जगापुढे ठेवतात. 2002 मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या लास्ट एफएम या वेबसाइटवर हेच चालतं, कुणी काय ऐकलं त्याची नोंद. 2009 मध्ये अफवा उठली, की बाजारात न आलेला अल्बम कुणी ऐकला, याची माहिती तिथून रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेला गेली. लास्ट एफएमने साफ इन्कार केला. तरी फुटलेला अल्बम ऐकून त्याची तारीखवार नोंद ठेवायची, म्हणजे चोरानेच पंचनामा लिहून देणं झालं.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा त्या मानाने दिलदार. कलम 52 मध्ये लग्नाच्या वरातीतल्या गाण्यांना चक्क सूट आहे. त्यामुळे डॉल्बीने सात रस्त्यापर्यंतच्या काचा हलवल्या तरी गाण्याच्या मालकाला विचारावं लागत नाही. भाच्याने त्याच वरातीचा व्हिडिओ नेटवर टाकला आणि कॉपीराइटपायी आवाज तेवढा गायब झाला. उरले ते नवरदेवाचे मामा : तोंडात रुमाल, दोन्ही हात वर, भर रस्त्यात गुडघ्यांवर, आणि चहूकडे शांतता.

खाली पुण्याच्या चुलतभावाने विचारलंय, "मामांना ॲडमिट कुठे केलंय?"