डेलिका वाळूत का रुतली? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. वाळूत डेलिका चालवण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमची मित्सुबिशी डेलिका स्पेस गिअर ही फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये इन्स्किप पॉइंटला, क'गारीच्या (जुनं नाव फ्रेझर आयलंड) बार्जकडे (गाड्या बेटावर नेणाऱ्या बोटीकडे) जाताना वाळूत बसली. लिव्हर ४एचएलसीवर (फोर-व्हील ड्राइव्ह, सेंटर डिफ लॉक केलेला) होता, तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं गरगरत होतं. त्यावरून तुमचे तीन निष्कर्ष: सेंटर डिफ लॉकचं कौतुक फोल आहे, टायरमधली हवा कमी करणं हा बाऊ आहे (रुंद टायर घातले की काम भागतं), आणि अशा वेळी ब्रेक अर्धा दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिला की गाडी निघते, हे मी लिहायलाच हवं होतं. शिवाय माझ्या तक्त्यातल्या टायर-प्रेशरवर एक आक्षेप आणि डिफ लॉकच्या खर्चाचा मुद्दा.

सेंटर डिफपासून सुरुवात करू. डिफ म्हणजे डिफरेन्शियल, इंजिनचा जोर दोन बाजूंत वाटणारी गिअरची रचना. ४एचएलसीमध्ये कुलूप लागतं ते पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मध्ये. डाव्या-उजव्या चाकांमध्ये काहीच लागत नाही. तिथे साधा, उघडा डिफ असतो आणि तो बैलगाडीच्या मधोमध बांधलेल्या जुवासारखा वागतो. एका बैलाने अंग काढलं की जू त्या बाजूला कलतं, आणि दुसरा कितीही दांडगा असला तरी त्याला पहिल्याइतकंच ओढता येतं. म्हणजे प्रत्येक अ‍ॅक्सलवर मिळणारी ओढ ही कमी पकड असलेल्या चाकाच्या दुप्पट, त्याहून एक कणही जास्त नाही. एक पुढचं आणि एक मागचं चाक फिरत होतं, याचा अर्थ सेंटर लॉकने आपलं काम चोख केलं होतं. तो नसता तर बहुधा एकच चाक फिरताना दिसलं असतं.

आता ब्रेकची युक्ती. ही सगळीकडे सांगितली जाते, म्हणून आकडे मांडूनच पाहू. समजा फिरणाऱ्या चाकाला वाळूची पकड २० आहे आणि ब्रेक दोन्ही चाकांना ५०-५० ने धरतो. फिरणाऱ्या बाजूचा विरोध झाला ७०, म्हणून उघडा डिफ दुसऱ्या बाजूलाही ७० देतो. पण त्या चाकालाही स्वतःचा ५० चा ब्रेक आहेच! जमिनीपर्यंत पोचले २०. ब्रेक न लावताही २०च पोचत होते. मधल्या मध्ये इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर आणि ब्रेकपॅड तेवढे तापले. हँडब्रेकचंही तेच, कारण तोही मागची दोन्ही चाकं सारखीच धरतो.

मग काही जणांची गाडी या युक्तीने निघते ती कशी? मागे लिमिटेड स्लिप डिफ (एलएसडी, मंद चाकाकडे जास्त जोर पाठवणारा) असेल तर गणित पालटतं. मंद चाकाला दुप्पट जोर देणारा डिफ धरा: ब्रेकशिवाय २० ला ४०, ब्रेक लावून ७० ला १४०, त्यातून ब्रेकचे ५० वजा, उरले ९०. हा फरक मोठा आहे. डेलिका जपानहून आयात होऊन आलेल्या, त्यामुळे कुठलीत मागे एलएसडी असतो, कुठलीत नसतो. शिवाय जुना झिजलेला एलएसडी उघड्या डिफसारखाच वागतो. आधुनिक गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल चालतं ते फक्त फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबतं म्हणून. तुमच्या पायाला ती सोय नाही.

हवेचा विषय मात्र मुळाशी जाणारा आहे. सामानासकट डेलिका २४०० किलो धरली तर एका चाकावर ६०० किलो येतात. ३६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो, म्हणून टायरचा जमिनीला टेकणारा ठसा साधारण २४० चौरस सेंटिमीटर. १८ पीएसआयला हाच हिशेब ४७० च्या घरात जातो. साइडवॉलही (टायरची बाजूची भिंत) थोडा भार पेलते, त्यामुळे प्रत्यक्षात पुरता दुप्पट होत नाही, पण खरी गोष्ट पुढेच आहे: ट्रेडची रुंदी ठरलेली असल्याने वाढ जवळजवळ सगळी लांबीत होते. आखूड ठशाचं चाक खाली बसतं आणि आपल्यापुढे वाळूचा ढीग ढकलत राहतं. म्हणजे गाडी सतत एका न संपणाऱ्या चढावर असते. लांब ठसा उथळ राहतो आणि त्या ढिगावर चढतो. नुसता रुंद टायर ३६ वर ठेवलात तर तो ढीगही रुंदच ढकलतो.

इथे तुमचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. लेखातल्या तक्त्यात मी चारही चाकांना सरसकट १८ पीएसआय लिहिलं होतं, ते चूक. डेलिकाचं इंजिन पुढच्या सीटांखाली, त्यामुळे रिकामी गाडी पुढे जड. पण मागे पाण्याचे कॅन, फ्रिज आणि तंबू भरले की मागचा अ‍ॅक्सल भारात पुढच्याला मागे टाकतो. भरलेल्या गाडीला पुढे १८, मागे २० पासून सुरुवात करा. मोजमाप टायर थंड असताना. चालून तापले की तीन-चार पीएसआय वाढलेले दिसतात, ते पाहून पुन्हा हवा सोडू नका. मऊ वाळूत गाडी जड वाटू लागली तर १६. रुतलीच तर १२ ते १४, पण तेवढं फक्त बाहेर पडेपर्यंत, चालायच्या वेगाने आणि स्टिअरिंग झटक्याने न फिरवता, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. ७५ माइल बीचवर (क'गारीचा पूर्व किनारा) ताशी ८० किमीची परवानगी आहे म्हणून १८ पीएसआयवर लांब पल्ला ८० ने मारू नका. साइडवॉल आतून भाजून निघते, आणि ते बाहेरून दिसत नाही. भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास किनारा टाळला की ओली, घट्ट वाळू मिळते आणि अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

रुतल्यावरचा क्रम तुम्ही उलटा केलात, असं वर्णनावरून दिसतं. चाक अर्धा फेरा जागच्या जागी फिरलं की पाय काढायचा. त्यापुढे प्रत्येक फेरा म्हणजे फावड्याने स्वतःखालीच खड्डा खणणं. पोट वाळूवर टेकलं की गाडीचं वजन चाकांवरून उतरून पोटावर जातं, आणि मग कुठलंही कुलूप उपयोगाचं नाही. म्हणून आधी खाली वाकून बघा. मागच्या डिफच्या हाउसिंगखालची आणि पुढच्या क्रॉसमेंबरखालची वाळू काढा, मग चारही चाकांमागे उतरता चर खणा, हवा सोडा, आणि आल्या वाटेनेच मागे या, कारण ती वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते. ४एलएलसीसाठी (तेच कुलूप, पण कमी वेगाचा आणि जास्त जोराचा गिअर) गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रल घ्यावं लागतं, हे विसरू नका.

दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर स्नॅच स्ट्रॅप (ताणला जाणारा ओढपट्टा) टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. बॉल तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो आणि त्याने ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत. चासीला बोल्ट केलेला, भारक्षमता लिहिलेला पॉइंटच हवा. स्ट्रॅपची क्षमता दोनपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट. फार भक्कम घेतलात तर तो ताणतच नाही आणि झटका थेट चासीला बसतो.

डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या डिफ लॉकच्या खर्चाबद्दल: लेखातल्या खरेदीच्या यादीत मी तो शेवटी ठेवला होता, आणि तिथेच राहू द्या. आधी प्रेशर गेज, थेट बॅटरीला जोडायचा कंप्रेसर, लांब दांड्याचं फावडं आणि दोन रिकव्हरी बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या).

एक गोष्ट इतर डेलिकावाल्यांसाठी. तुमचं पुढचं चाक निदान फिरत तरी होतं. पुष्कळ जुन्या गाड्यांत तेही होत नाही, कारण पुढचा डिफ जोडणारा क्लच व्हॅक्युमवर चालतो आणि त्याच्या रबरी नळ्या वयाने तडकतात. अशा वेळी डॅशबोर्डवरचे पुढच्या चाकांचे दिवे स्थिर न होता लुकलुकत राहतात. तपासायचं तर निघण्याआधी मोकळ्या खडीवर, डांबरावर नव्हे, ४एचएलसी लावा आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून चालायच्या वेगाने एक गोल घ्या. गाडी अडखळली, खडी करकरली, तर पुढची चाकं जोडली गेली आहेत. लोण्यासारखी फिरली तर बॉनेट उघडून नळ्या बघा.