शोध लागला, आता स्वस्थ बसावे

प्रयोगशाळेत एखादी गोष्ट सिद्ध झाली की लोकांची प्रकृती आपोआप सुधारते, अशी आपली श्रद्धा असेल तर ती जिवापाड जपावी, आणि त्यासाठी कोणाच्या दारी जाण्याचे कटाक्षाने टाळावे.

नागपूरचेच पाहा. पारा 45 अंशांकडे सरकू लागला की घरोघरी खिडकीत कूलर बसतो आणि पावसाळा लागला तरी उरलेल्या पाण्यासह तिथेच राहतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशा साचलेल्या पाण्याच्या काठाशी, टाकीच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, आणि पाणी लागले की साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या भिंती घासायच्या असतात. हे इतक्या सोप्या शब्दांत मुळीच सांगू नये. ‘डासोत्पत्ती स्थानांचे समूळ उच्चाटन करावे’ असे पत्रक छापावे, ते फाटकात खोचावे, आणि किती वाटली तो आकडा वर कळवावा. किती टाक्या घासल्या गेल्या हे मोजायला वाकावे लागते.

कोणी विरोध केलाच, तर सेमेलवाइस यांचा कित्ता गिरवावा. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुवायला लावून त्यांनी बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. सविस्तर ग्रंथ मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिला, आणि न ऐकणाऱ्या प्राध्यापकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. त्यांचे म्हणणे खरे होते. 1865 साली ते वारले, तेव्हाही बहुतेकांना ते पटलेले नव्हते.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या वाटेला तर जाऊच नये. जुलाबात मीठ आणि गोडाचे पाणी जीव वाचवते हे ठाऊक झाल्यावर तिने 1980च्या दशकात कार्यकर्त्या खेडोपाडी पाठवल्या, आईच्याच हातून चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कालवून घेतला, आणि नंतर आईला जेवढे आठवले त्यावर कार्यकर्तीचे वेतन ठरवले. हा नियम आपल्याला लागू झाला तर पहिल्या महिन्यात किती जणांच्या घरी चूल पेटेल, याचा हिशेब मी भीतीपोटी केलेला नाही.

तरीही एखाद्या दारी थांबावेच लागले, तर काकू म्हणतील, ‘‘पाणी तं आम्ही रोजच भरतो न, भाऊ.’’ म्हणजे जुन्या पाण्यावर नवे ओततात. मग त्या आपणहून दाखवतील की टाकीचे बूच गंजून घट्ट बसले आहे, कूलर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे, आणि मगाने उपसायचे म्हटले तर हात तळाशी पोहोचत नाही. हे ऐकत बसू नये. तपासणीच्या कागदावर बुचासाठी रकाना नसतो. ‘नागरिकांमध्ये अज्ञान’ असे लिहावे आणि पुढच्या फाटकात पत्रक खोचावे.