मेरिल स्ट्रीप नाही, कॅथरीन हेपबर्न!

तो "अभिनयाचे सगळ्यात जास्त ऑस्कर मेरिल स्ट्रीपकडे" वाला मेसेज परत फिरतोय, तो चुकीचा आहे. स्ट्रीपची नॉमिनेशन्स २१, तिथे तिच्या जवळपास पण कोणी नाही, पण हातात आलेले ३ आणि त्यातला एक सहाय्यक भूमिकेचा. कॅथरीन हेपबर्नकडे ४, चारही मुख्य भूमिकेचे, आणि पठ्ठी एकदाही ते घ्यायला स्टेजवर गेली नाही!

त्यातच कोणीतरी जोडलंय की १९३८ला सिनेमा थिएटरवाल्यांनी हेपबर्नला 'बॉक्स ऑफिस पॉयझन' (म्हणजे जिच्यामुळे पिक्चर पडतो अशी) ठरवलं आणि करिअर संपलं. अहो संपलं कसलं, पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर) 'द फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक केलं, ते तुफान चाललं, सिनेमाचे हक्क आधीच तिच्याकडे होते त्यामुळे स्टुडिओला नाटक पाहिजे तर हीच हिरॉईन घ्यावी लागणार होती, १९४०ला पिक्चर पण हिट. डोकं बघा बाईचं. चारातले तीन ऑस्कर तर साठीनंतरचे, शेवटचा १९८१च्या 'ऑन गोल्डन पॉन्ड'साठी.

टोनी (ब्रॉडवेच्या नाटकांचं अवॉर्ड) मात्र तिला कधीच मिळालं नाही, १९६९च्या 'कोको' म्युझिकलला नॉमिनेशनवरच भागलं.

आणि हो, ऑड्री हेपबर्न तिची बहीण वगैरे अजिबात नाही, नुसतं आडनाव सेम.