‘आजाऱ्याला काही सांगू नका’ या संदेशाला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: गंभीर आजाऱ्याला आजार कळला की तो खचतो आणि लवकर जातो, समुपदेशकाला बोलावणे म्हणजे हात टेकणे, मॉर्फीन सुरू झाले की शेवट आला, म्हातारपणाची उदासी वयाचीच असते, आणि घरची माणसे असताना परक्याची गरजच काय? संदेश कळवळ्याने लिहिलेला आहे, यात शंका नाही. परंतु अशा रुग्णांशी व त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचे काम करताना मला जे दिसते, ते या प्रत्येक मुद्द्याच्या विरुद्ध आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण आजाऱ्याला काही कळत नाही, हेच त्यात गृहीत धरले आहे. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदारांना मुलांनी ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले होते आणि फाइलवरचे रुग्णालयाचे नाव तपकिरी कागद चिकटवून झाकले होते. मुले औषधे आणायला गेली, तेव्हा त्यांनी दाराकडे पाहत हळूच विचारले, “ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत मी आहे का? सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे, पोरांना बोललो नाही, घाबरतील म्हणून.” किमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून त्यांना सगळे केव्हाच कळले होते. मुले त्यांना जपत होती, ते मुलांना जपत होते, आणि त्या जपण्यात कर्जाचा, बागेचा आणि निरोपाचा विषय कोणीच काढू शकत नव्हते. न बोलण्याने आजारी माणसाची भीती जात नाही, ती त्याला एकट्याला सोसावी लागते.

समुपदेशक येऊन एकदम निदान सांगून टाकतो, असाही समज या संदेशामागे दिसतो. वास्तविक सुरुवात उलट दिशेने होते: तुम्हाला आजाराविषयी काय माहीत आहे, आणखी किती जाणून घ्यायचे आहे, असे आधी रुग्णालाच विचारले जाते. ‘मला काही सांगू नका, मुलाशी बोला’ असे कोणी म्हटले, तर तो त्याचा निर्णय म्हणून पाळला जातो. पण हा निर्णय त्याने घ्यायचा असतो, त्याच्या वतीने काका-मामांनी बैठक घेऊन नव्हे.

‘लवकर जातो’ आणि ‘हात टेकणे’ या दोन्ही दाव्यांना एक ठोस उत्तर आहे. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या 151 रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच उपशामक सेवा, म्हणजे वेदना-नियंत्रण आणि आजाराविषयी मोकळे बोलणे, मिळाले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि त्यांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, 11.6 महिने होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे 8.9 महिने. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य वाढलेले दिसले नाही, हेही सांगायला हवे. तथापि अशा सेवेने माणूस लवकर जातो, या समजाला त्यातून आधार मिळत नाही. शिवाय किमो चालू असतानाच ही सेवा घेता येते.

मॉर्फीनविषयी थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेने 1986 पासून कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी ते सुचवले आहे, आणि ते मिळणे सोपे व्हावे म्हणून आपल्याकडे 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. मात्रा वेदनेप्रमाणे हळूहळू ठरवतात. सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठतेवर मात्र औषध चालूच ठेवावे लागते.

म्हातारपणाच्या उदासीबाबत भेद करायला हवा. भरलेले आयुष्य जगून ‘आता माझं झालं’ असे शांतपणे म्हणणारे आजोबा वेगळे, आणि ज्यांची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, ज्यांना नातवंडेही नकोशी झाली आहेत, त्या आजी वेगळ्या. दुसऱ्या प्रकारातले नैराश्य हा आजार आहे आणि ऐंशीव्या वर्षीही तो उपचारांनी आटोक्यात येऊ शकतो. मुले पुण्याला किंवा परदेशी असतील, तर निदान 14416 या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

राहिला घरच्या माणसांचा मुद्दा. त्यांची जागा कोणीच घेऊ शकत नाही, हे मान्य. पण रात्र-रात्र जागणारी सून किंवा पत्नी स्वतःच मोडकळीला आलेली असते. आमचे निम्मे बोलणे तिच्याशीच होते. मृत्यूविषयी बोलणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे तर निदान नाशिककरांनी म्हणू नये. रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि दशक्रिया आपण रोज उघड्यावर पाहतो. गेलेल्यासाठी इतके करणाऱ्यांनी जाणाऱ्याशी बोलायला का बिचकावे?

या मौनाची किंमत अतिदक्षता विभागाच्या दाराशी दिसते, जेव्हा व्हेंटिलेटर लावायचा की नाही यावरून भावंडे एकमेकांवर धावून जातात. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अशा उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. हे निर्देश स्वतः रुग्णानेच, शुद्धीत आणि परिणामांची जाणीव ठेवून द्यायचे असतात. ज्याच्या फाइलवर कागद चिकटवलेला आहे, त्याला हा अधिकार वापरता येत नाही.