परदेशी पाहुण्याला कोरिया कसा दाखवावा

अभिनंदन! दक्षिण कोरियाची संस्कृती परदेशी पाहुण्यांपर्यंत पोहोचवण्याचं काम अखेर तुमच्या गळ्यात पडलं. घाबरू नका. या कामाला संस्कृतीची माहिती लागत नाही, उलट ती आड येते. लागतं ते एक घोषवाक्य, एक समिती आणि पाहुण्याने नेमकं काय बघून भारावून जायचं याची पक्की यादी. पाहुणा यादीबाहेर कुठे भारावताना दिसला, तर दुसरीकडे बघा.

घोषवाक्यापासून सुरुवात करा. त्यासाठी रस्ते खणावे लागत नाहीत. आधीच्या साहेबांचं घोषवाक्य कितीही बरं असलं तरी ते बदलायचंच. २००२ साली देश ‘डायनॅमिक कोरिया’ होता, २००७ मध्ये सोड्याची बाटली फोडल्यासारखा ‘कोरिया स्पार्कलिंग’ झाला. २०१४ मध्ये ‘इमॅजिन युअर कोरिया’ आलं, म्हणजे तुमचा कोरिया तुम्हीच कल्पून घ्या, आम्हाला विचारू नका. मग २०१६ चं ‘क्रिएटिव्ह कोरिया’. सर्जनशीलतेची दवंडी पिटणारं हे वाक्य फ्रान्सच्या घोषवाक्यावरून उचललंय असा गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी ते मुकाट्याने गुंडाळलं गेलं.

राजधानीनेही आपला वाटा उचलला. २०१५ साली सोल शहराने ‘आय सोल यू’ असं जाहीर केलं. शहराच्या नावाचंच क्रियापद! इंग्रजी येणारे डोकं खाजवत बसले. मराठी माणसाला मात्र अर्थ लागायला क्षणही लागत नाही: मी तुला सोलतो. म्योंगदोंगच्या रात्रबाजारात हातात काडीवरचं काहीतरी आणि खिशात उरलेली चिल्लर मोजताना तो पटतोसुद्धा. २०२३ मध्ये ते काढून ‘सोल, माय सोल’ आणलं. तेव्हा तुमचं वाक्यही इंग्रजीतच करा, फक्त इंग्रजांना कळणार नाही याची काळजी घ्या.

आता पाहुणा विमानतळावर उतरला. त्याला पाणी विचारायच्या आधी ‘डू यू नो किमची?’ असं विचारा, म्हणजे आमचं आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं माहीत आहे का. किमची झाली की सॉकरपटू, सॉकरपटू झाला की ‘गंगनम स्टाइल’ हे घोडानाचाचं गाणं. कोरियन पत्रकारांनी परदेशी तारे-तारकांना हे प्रश्न इतक्या वेळा विचारलेत, की कोरियन पोरंच आता ‘दू यू नो’ म्हणून त्याची टर उडवतात. तुम्ही त्या पोरांकडे लक्ष देऊ नका. पाहुण्याने ‘हो, माहीत आहे’ म्हटल्याशिवाय किमचीला चव येत नाही. (आपण हसायचं कारण नाही. मिसळीचा पहिला घास घेणाऱ्या गोऱ्या पाहुण्याच्या तोंडाकडे आपल्याकडे अख्खं हॉटेल टक लावून बघत असतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की मालकाच्या डोळ्यांत आनंदाश्रू.) एखादं गाणं जगभर गाजलंच, तर त्याचा पुतळा उभारा. गाण्याचा पुतळा कसा होईल, हा प्रश्न समितीला पडत नाही. सोलच्या गंगनम भागात २०१६ पासून त्या घोडानाचातले एकमेकांवर ठेवलेले दोन प्रचंड ब्राँझचे हात उभे आहेत. नुसते हात. बाकीचा माणूस बहुधा पुढच्या अंदाजपत्रकात.

जेवणाच्या बाबतीत हयगय नको. २००९ मध्ये सरकारने कोरियन जेवण जगाच्या पहिल्या पाचांत नेऊन बसवायचा विडा उचलला, मुदत २०१७. त्याच वर्षी तोकबोक्कीसाठी चक्क संशोधन संस्था निघाली. तोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, लालभडक तिखट रश्शात. शाळा सुटल्यावर पोरी गाडीवर उभ्या राहून कागदी कपातून टोचून टोचून खातात ती. पाणीपुरीवर संशोधन संस्था काढल्यासारखंच हे. शास्त्रज्ञांनी तिचा तिखटपणा कमी करावा, परदेशी जिभेला पेलेल असं तिचं नाव करावं, मग ती जगात जाईल, असा हिशेब. पण झालं भलतंच. कोणत्याही समितीने न निवडलेल्या, जाळ काढणाऱ्या ‘बुलडाक’ नूडल्स जगभरच्या पोरांनी स्वतःहून उचलल्या. २०२४ मध्ये डेन्मार्क सरकारने त्यातले तीन प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून काढायला लावले, आणि अशी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती. तुम्ही मात्र या घटनेतून काही शिकू नका. शिकलात तर संस्था बंद करावी लागेल.

मेन्यूकार्डाचं भाषांतर यंत्राकडून करून घ्या आणि मग ते पुन्हा वाचू नका. गेल्या शरद ऋतूत सोलमधल्या जोंगनोच्या एका गल्लीत आम्ही तिघी बसलो होतो: मी, मावशी आणि जिच्या हट्टापायी ही सहल निघाली ती माझी भाची. कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं ‘सिक्स टाइम्स’. सहा वेळा काय, ते कुठेच नव्हतं. भाचीने पुण्यात बसून मालिका बघत बघत शिकलेलं कोरियन पणाला लावलं, तेव्हा कळलं की पदार्थ ‘युकहोए’, म्हणजे कच्चं मांस. ‘युक’ म्हणजे मांस तसंच सहा, आणि ‘होए’ म्हणजे कच्चं तसंच खेप. त्याखाली ‘बेअर सूप’. ते खरं गोमतांग, गोमांसाचं मंद आचेवर तासन्‌तास उकळलेलं सूप. पण ‘गोम’ म्हणजे अस्वलही होतं. मावशींनी कार्ड दोन बोटांनी लांब सरकवलं आणि पर्समधून दशम्या काढल्या.

मावशी शाकाहारी. त्यांना ‘नो मीट’ म्हणून बिबिंबाप, म्हणजे भाज्या-मांस कालवून खायचा भात, मिळाला तो मांस वगळून, पण सोबतच्या सुपाचा जीव सुकवलेल्या माशांत आणि किमचीत खारवलेली कोळंबी. आता मजा बघा. याच देशात बौद्ध मठांतलं एक शतकानुशतकांचं जेवण आहे. त्यात मांस-मच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. आपल्याकडच्या चातुर्मासवाल्यांनी आणि जैनांनी विमानं भरभरून यावं असं ताट! अर्थात हे मावशींना मेन्यूकार्डावरून कळू नये, याची व्यवस्था झालेलीच होती. तुम्हीही ती मोडू नका.

पोशाखाचा मुद्दा नाजूक आहे. १३९५ मध्ये बांधलेल्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात हानबोक हा कोरियन पारंपरिक पोशाख घालून आलात तर प्रवेश फुकट. तिकीट तीन हजार वॉनचं, आणि ते वाचवण्यासाठी पाहुणा दाराबाहेरच्या दुकानात त्याच्या कितीतरी पट भाडं भरतो, त्यामुळे अर्थव्यवस्थेला काही धोका नाही. भाचीला दुकानात उभं करून आधी तारांचा पिंजरा कमरेला बांधला, त्यावर सोनेरी छापाचा जांभळा घागरा, वर झालर आणि पाठीमागे वाढदिवसाच्या खोक्याला असतो तसा मोठ्ठा बो. असा बो कोणत्या राणीच्या पाठीवर होता, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. २०२४ मध्ये वारसा खात्याच्या प्रमुखांनाच या भाड्याच्या हानबोकांची चिंता वाटू लागली; खरा हानबोक असा नसतो, काहीतरी करायला हवं, असं ते म्हणाले. तुम्हीही तसंच म्हणा. आधी फुकट प्रवेश द्या, मग दुकानं वाढू द्या, मग चिंता व्यक्त करा. या तीन पायऱ्यांत एक अख्खी कारकीर्द आरामात जाते. भाची मात्र पहारा बदलायच्या वेळी त्या पिंजऱ्यासकट धावली, एका दगडी पायरीवर बसायला गेली आणि घागरा छत्रीसारखा उलटा उघडला. तिला विचाराल तर तो तिच्या आयुष्यातला सर्वोत्तम दिवस होता.

जुनी घरं दाखवायची तर सोलमधली बुकचोन वस्ती. उतरत्या कौलांची हानोक घरं, अरुंद चढ आणि त्यांत राहणारी सुमारे सहा हजार खरीखुरी माणसं. ‘कोरियन लोक कसे राहतात ते बघायला या’ असं जगभर सांगा. जग आलं, दारातून डोकावलं, उंबऱ्यावर बसून फोटो काढू लागलं की रहिवासी ओरडतील. मग पाट्या लावा. त्यानेही भागलं नाही तर घड्याळ लावा: आता सगळ्यात गजबजलेल्या भागात संध्याकाळी पाच ते सकाळी दहा पर्यटकांना फिरकायला बंदी आहे आणि मार्च २०२५ पासून मोडल्यास एक लाख वॉन दंड. आम्ही पाचला दहा मिनिटं कमी असताना चढ चढत होतो. मागून एक बाई दोन पिशव्यांतून भाजी घेऊन आल्या, फोटोवाल्यांच्या गर्दीत आपल्याच दारापाशी थांबल्या आणि ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाल्या. आम्हाला बाजू देताना लाज वाटली, पण फोटो मात्र आला चांगला.

मधूनच काही बिघडलं तर घाबरून जाऊ नका, गाण्यांचा कार्यक्रम ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये सेमांगमच्या भराव टाकलेल्या मैदानावर जागतिक स्काउट मेळावा भरला. चाळीस हजारांवर पोरं, उन्हाचा तडाखा, डास, घाण संडास, आणि वर चक्रीवादळाची वर्दी. सगळ्यांना बसमध्ये भरून तिथून हलवलं आणि सोलच्या वर्ल्डकप स्टेडियममध्ये के-पॉपचा जलसा दिला. घामोळ्यांवर के-पॉप हे औषध अजून वैद्यकाच्या पुस्तकांत आलेलं नाही, पण त्यालाही पुढे ‘के’ लावला की काम होईल.

आता कलावंतांबद्दल. यांच्यावर बारीक नजर ठेवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ९,४७३ कलावंतांच्या नावांची सरकारी काळी यादी उघडकीला आली. यांना अनुदान नको, यांना पुढे येऊ देऊ नका, अशी. तत्कालीन सरकारच्या अशा याद्यांत दिग्दर्शक बोंग जून-हो यांचंही नाव होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळालं. तुमची पुढची पायरी सोपी आहे. ज्या जिन्यांवरून आणि दुकानांवरून सिनेमात गरिबी दाखवली, त्यांचा नकाशा काढून पर्यटनाचा मार्ग जाहीर करायचा. सोल शहराने तो केलाही. तिथल्या लोकांनी विचारलं, आमची गरिबी हे प्रेक्षणीय स्थळ आहे का? असले प्रश्न कार्यालयीन वेळेत घेऊ नयेत.

आणि २०२५ मध्ये तर तुमच्या खात्याचं नाकच कापलं गेलं. एका अमेरिकन स्टुडिओच्या अ‍ॅनिमेशनपटात कोरियन लोकचित्रांतला मिशाळ, बावळट वाघ आणि त्याच्यासोबतचा मॅगपाय पक्षी झळकला, आणि परदेशी पाहुणे राष्ट्रीय संग्रहालयाकडे लोटले. त्या वर्षी तिथे पहिल्यांदाच पन्नास लाखांवर माणसं आली. संग्रहालयाच्या दुकानात वाघ-पक्ष्याचा छोटा बिल्ला मिळतो. जुन्या चित्रांतला तो तिरळा वाघ म्हणजे मिजासखोर सरकारी अंमलदार आणि झाडावरून त्याची खोडी काढणारा पक्षी म्हणजे गावातली साधी माणसं, असा त्याचा एक अर्थ सांगतात.

तो बिल्ला घ्या आणि कोटाला लावून समितीच्या बैठकीला जा. मिळाला तर. आम्ही गेलो तेव्हा संपला होता.