आकडी मारायला नसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मेंढपाळाच्या आकडीवरचा, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या त्याच्या काठीवरचा माझा लेख तुम्ही बारकाईनं वाचलात आणि एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. राजांनी आणि धर्मगुरूंनी जनतेला मेंढरं मानलं, आकडी ही त्याचीच खूण, मग तिचा गौरव का करायचा? आणि आपल्या धनगराच्या काठीला आकडा नसतोच, तर हे परकं कौतुक कशाला?

आधी दुसऱ्या आक्षेपाबद्दल. धनगराची काठी सरळ असते हे खरं, पण त्याचं कारण कामात आहे. आपल्याकडचा कळप चालता. मुक्कामाला वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावली की मेंढरं आत कोंडली जातात आणि हवं ते मेंढरू मागच्या पायाला हातानंच धरता येतं. आकडी आपल्याकडेही आहे, पण ती लांब वेळूच्या टोकाला बांधलेली, बाभळीची फांदी ओढायला नाहीतर शेंगा पाडायला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या टेकड्यांवर मेंढ्या मोकळ्या चरतात, माणूस जवळ आला की बुजून पळतात. तिथे हात पोचत नाही, म्हणून काठीला आकडा आला.

तो आकडा जरा नीट पाहा. इंग्लंडच्या ससेक्समधल्या पायकूम गावच्या लोहारांनी बनवलेल्या आकड्या नावाजलेल्या होत्या. बंदुकीच्या जुन्या नळ्यांचं लोखंड ते त्यासाठी वापरत. पाय धरायच्या आकडीचं तोंड इतकं अरुंद, की मेंढीची नडगी जेमतेम आत सरकते, पण एकदा सरकली की खुरामुळे निसटत नाही. टोक बाहेरच्या बाजूला वळवून गोल केलेलं, म्हणजे पाय आपसूक आत येतो आणि कातडीला टोचत नाही. मान धरायची आकडी मात्र रुंद तोंडाची, बरेचदा एडक्याचं शिंग तापवून वाकवलेली. मेंढीला मारायचंच असतं तर साधा सोटा पुरला असता. ही घडण त्या एका मेंढीला थांबवण्यासाठी आहे: खूर सडलंय का, जखमेत किडे पडलेत का ते बघायचं, औषध लावायचं आणि सोडून द्यायचं.

आता पहिला, मोठा आक्षेप. सत्तेनं आकडी उचलली, यात वादच नाही. इजिप्तच्या चित्रलिपीत ‘राज्य करणे’ हा शब्द आकडीच्याच चिन्हानं लिहीत. तिथल्याच ॲबिडॉसच्या एका थडग्यात सापडलेली हस्तिदंती आकडी इ.स.पू. 3200 च्या आसपासची, म्हणजे तुतनखामुन या राजाच्या हातातल्या आकडीपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुनी. बिशपच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच्या, आकडीसारख्या काठीबद्दल तर मध्ययुगात उघडच म्हणत, की वाकडं टोक सौम्य, शांत माणसांना जवळ ओढायला आणि खालचं अणकुचीदार टोक बंडखोरांना टोचायला. तुमचा संताप मला समजतो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथात थ्रॅसिमॅकस हा वक्तृत्वाचा शिक्षक हेच सॉक्रेटिसला सुनावतो: मेंढपाळ मेंढ्या पोसतो तो त्यांच्या भल्यासाठी नव्हे, स्वतःच्या आणि मालकाच्या फायद्यासाठी.

पण मेंढपाळाची उपमा घेताना राज्यकर्त्यांना त्याच्या कामाचं मापही सोबत घ्यावं लागलं, आणि लोकांनी ते माप त्यांनाच लावलं. बायबलच्या जुन्या करारातला यहेज्केलचा 34वा अध्याय वाचा. तिथे संदेष्टा इस्राएलच्या राज्यकर्त्यांना धारेवर धरतो. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पण कळप चारत नाही. आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडलेला पाय बांधला नाही, हरवलेल्याला शोधायला गेला नाहीत. म्हणून कळप तुमच्या हातून काढून घेतला जाईल. त्यातलं एकेक कलम मेंढपाळाच्या रोजच्या कामातलं आहे. सिंह किंवा गरुड मिरवणाऱ्या राजाला असा जाब कसा विचारणार? सिंह कुणाचा पाय बांधत नाही, त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. आकडीवाल्याकडून असते. तिचा गौरव मी केला तो एवढ्यासाठी, आणि लेखातला तो गौरव मी तसाच ठेवतोय.

लोकशाहीत कुणी स्वतःला जनतेचा मेंढपाळ म्हणवून घेऊ नये, याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. तुमच्या प्रतिक्रियेमुळे वाघरीबद्दल लिहिता आलं, तो मजकूर लेखातही घालतो. तुमच्याकडे बाभळीच्या आकडीला वेगळं नाव असेल तर जरूर कळवा, कारण तालुका बदलला की ही नावं बदलतात.