अर्ध्या तासात कामाला? छे!

'एंडोस्कोपीनंतर अर्ध्या तासात माणूस कामाला लागतो' हे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट तपासण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य नुसता घशात बधिर करणारा स्प्रे मारून तपासणी झाली असेल तर ठीक. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्याही नाहीत. इंदूरला माझी झाली तेव्हा दातांत प्लास्टिकची रिंग धरल्याचं आठवतं, पुढचं सगळं कोरं. नंतर मी अगदी शुद्धीत असल्यासारखी बोलत होते म्हणे, आणि ह्यांना तीनदा विचारलं, स्कूटरची किल्ली कुठंय? नशीब, ती ह्यांच्या खिशात होती.

आणि घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे लिहायला हवंच होतं. रात्रीपासून उपाशी, त्यात राजवाड्याजवळून येताना पोहे-जिलबीचा वास!